मी ‘या’ म्हटलं

दुपारी जेवून आडवं झाल्यावर डोळा लागतो न लागतो अशी एक वेळ असते. माणूस धड इकडे नसतो, धड तिकडे नसतो. पंख्याची घरघर ऐकू येते, शेजारच्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी मोजली जाते, आणि तरी आपण उशीतून हळूहळू खाली उतरत असतो. मी तशी उतरते आहे. पाच वाजता शाळेच्या मैदानावर पोचायचंय, म्हणून साडेचारचा गजर लावलाय. पुढचं दार नुसतं लोटलंय. पलंगाच्या पायथ्याशी एक खाकी पिशवी आहे आणि मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून झोपलेय.

पिशवी भूपाल चौगुल्यांची. ते लाकडाच्या वखारीत कामाला होते आणि पुरात मदत करणाऱ्या आमच्या गल्लीच्या पथकात होते. त्यांना जाऊन अकरा महिने झाले. आज सकाळी त्यांची बायको पद्मावती ती पिशवी घेऊन आली. शिट्टी, दोराचं भेंडोळं, बॅटरी, आणि वखारीत ओंडक्यांवर खुणा करतात तो लाल तेलखडू. सगळं एकेक करून मला दाखवलं, परत आत भरलं आणि नाडी आवळून गाठ मारली. पद्मा माझीच विद्यार्थिनी. खो-खोत पाठलाग करताना नियम मोडायची नाही, मोडला तर स्वतःच बाजूला होऊन बसायची.

“बाई, नव्या तुकडीत माझं नाव घाला,” ती म्हणाली. “हे न सांगता गेले. मी सांगूनच जाईन.”

मी नाव घातलं. अक्षर चांगलं काढलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दारावर काहीतरी घासल्यासारखा आवाज येतो. खर्रकन, एकदाच. मांजर असेल. मग दार ढकललं जातं आणि ओळखीचा आवाज विचारतो, “आत कोण हाय का? आवाज द्या.”

हे वाक्य मीच बसवून घेतलंय. रिकाम्या घरात शिरताना दारातच थांबायचं, हे मोठ्यांदा विचारायचं आणि गप्प राहून दहा आकडे मोजायचे. दारात भूपाल चौगुले उभे आहेत आणि ओठ हलवत आकडे मोजतायत. मला ओ द्यायची आहे, पण जीभ उचलत नाही. सात, आठ, नऊ.

“आहे,” मी म्हणते.

“मग बरं झालं,” ते म्हणतात. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर लाकडाचा भुसा आहे, नेहमी असायचा तसा. ते अंगाने कोरडे आहेत. याचा मला इतका आनंद होतो की उठून बसवत नाही.

“चला बाई, हजेरी घ्या. समदी उभी हायत.”

मैदानावर ऊन आहे. मी एकतीस वर्षं इथे मुलींना कवायत शिकवली आणि निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून इथेच वखार गल्लीचं पथक उभं केलं. दर पावसाळ्यात नदी गल्लीत येते आणि मदतीची होडी येईपर्यंत गल्लीनेच गल्लीला सांभाळायचं असतं, म्हणून. शिंपी, गवंडी, दोन गृहिणी, पिठाच्या गिरणीवाला, असे चौदा जण. दोन बांबू आणि एक चादर यांचं स्ट्रेचर कसं करायचं, पाच लिटरचे रिकामे कॅन पोटाला कसे बांधायचे, दोर कसा फेकायचा, हे सगळं रविवारी चार ते सहा. चुकलं की मी ओरडायचे. लोक मागून मला हेडमास्तरीण म्हणायचे, ते मला ठाऊक होतं आणि आवडायचंही.

मी वही उघडते. नावं वाचते. सगळे हजर म्हणतात, पण रांगेत मला एकटे चौगुलेच दिसतात. बाकीच्यांच्या जागी आमच्या शाळेचे बाक उभे करून ठेवलेत.

“चौगुले.”

“हजर.”

वहीत त्यांच्या नावापुढे मी खूण केलेली आहे. निळ्या शाईत बारीक अक्षरात लिहिलंय, ‘परत’. मी त्यावर अंगठा ठेवून झाकते.

“आज काय घ्यायचं, बाई?”

“छाती दाबणं,” मी म्हणते.

आमच्याकडे शिकवायला पुतळा नव्हता. पद्माने लग्नातला जुना लोड आणून दिला होता, त्याच्यावर आम्ही सराव करायचो. तो लोड सतरंजीवर ठेवलाय. मी गुडघ्यांवर बसते, तळव्यावर तळवा ठेवते, कोपर ताठ. एक, दोन, तीन. मी मोठ्याने मोजते. बारा, तेरा. लोड नेहमीपेक्षा जड लागतोय. वीस, एकवीस. लोडाला शर्ट घातलाय आणि शर्टाच्या बाहीवर भुसा आहे.

“हळू, बाई,” लोड म्हणतो. “दुखतंय.”

मी हात काढत नाही. “तीस होऊ देत,” मी म्हणते. “तीसच्या आत थांबायचं नसतं.”

“माझे झालेत की तीस. लई दिवस झाले.”

मला रडू फुटतं. जागेपणी मी अकरा महिन्यांत रडले नाही, हे खरं आहे आणि त्याचा मला अभिमान वाटत होता, हेही खरं आहे. स्वप्नात मात्र मी कपाळ त्या लोडाला टेकवून रडते आणि लोडाला ओल्या मातीचा वास येतो.

मैदान आता गल्ली झालंय. कधी झालं ते मला कळलेलं नाही. पाणी कमरेएवढं आहे, तांबूस, आणि अजिबात आवाज करत नाही. एक खुर्ची शांतपणे वाहत जाते, तिच्यावर माझं चष्म्याचं घर आहे. चौगुले माझ्या पुढे चालतायत. प्रत्येक दाराशी थांबतात, पिशवीतून लाल खडू काढतात.

“सांगा,” मी म्हणते, कारण परीक्षा घेतल्याशिवाय मला राहवत नाही. “खूण कशी करायची?”

“आत शिरताना एक तिरकी रेघ. भाईर आल्यावर तिच्यावर दुसरी. फुली झाली म्हंजे घर मोकळं.”

“आणि फोनवर?”

ते ओशाळं हसतात. हे हसू मी ओळखते.

फोनवर दोनच वाक्यं ठरली होती. शिरण्याआधी मला कळवायचं, ‘आत जातो’. बाहेर आल्यावर, ‘बाहेर आलो’. वही घेऊन मी शाळेच्या फाटकाशी बसायचे आणि कोण कुठे आहे ते मांडायचे. सोपं होतं. चौगुल्यांना जमायचं नाही. आठ रविवार सराव झाला आणि आठही रविवारी ते दारात शिरताना म्हणायचे, “येतो मी, बाई.”

“जातो म्हणा, चौगुले!”

“न्हाई हो बाई, जातो म्हणत न्हाईत. घरातनं निघताना कुणी जातो म्हणतंय व्हय? आई तोंडावर हात मारायची.”

सगळे हसायचे. मीही हसायचे. मीदेखील दारातून निघताना येतेच म्हणते, माझ्या आईनेही मला तेच वळण लावलेलं. आठव्या रविवारी मी नाद सोडला. म्हटलं, एवढ्या तेवढ्याने काय होतंय, मला कळतं ना त्यांना काय म्हणायचंय.

“इथं थांबा, बाई,” चौगुले म्हणतात.

हे घर मला माहीत आहे. गल्लीच्या टोकाचं, नदीकडे पाठ असलेलं, दुमजली. मालक मंडळी आदल्या दिवशीच पाहुण्यांकडे निघून गेली होती आणि कुणाला कळवून गेली नव्हती. दारावर एक लाल तिरकी रेघ आहे. तेलखडूची, म्हणून पुराच्या पाण्याने गेली नाही. अकरा महिने मी बाजाराला जाताना लांबच्या रस्त्याने जाते, ही रेघ दिसू नये म्हणून.

“त्या दिवशी फोनवर काय म्हणालात मला?” मी विचारते. “पुन्हा सांगा. सगळं.”

“तुम्ही ऐकलंय की.”

“मधलं तुटलं होतं. खरखर होती. मी सगळ्यांना परत बोलावलं होतं, पाणी चढत होतं. पाच जणांचे फोन आले. सगळे म्हणाले, निघालो. मग तुमचा आला. ‘माडीवर’ एवढं ऐकू आलं. मग काहीच नाही. मग तुम्ही म्हणालात...”

“येतो मी, बाई.”

“हां.”

“मी म्हणालो, बाई, शेवटच्या घराच्या माडीवर कोणतरी ताट वाजवालंय. एक डाव बघून घेतो. येतो मी, बाई.”

पाणी आता आवाज करू लागलंय. माडीवरून खरोखरच टण्ण टण्ण ऐकू येतंय, सावकाश, कुणीतरी थकून वाजवल्यासारखं.

“कोण होतं वर?” मी विचारते.

“कोण न्हवतं. टोप व्हता एक. पाणी जिन्यात शिरलेलं, त्यात तरंगत भिंतीला आपटत व्हता.” ते खांदे उडवतात. “रिकामा टोप, बाई.”

गाळ काढताना तो टोप सापडला होता. अॅल्युमिनियमचा, एका बाजूने चेपलेला. त्याच्याच आवाजाने चौगुले आत गेले असतील असा विचार बाकी कुणी केला नाही. मी केला, आणि कुणाला बोलले नाही. त्या घराची मागची भिंत पडली होती आणि चौगुले तिच्याखाली होते.

“तुम्ही जातो म्हणाला असतात तर,” मी म्हणते. आवाज चढतो, वर्गात चढायचा तसा. “एकदा, फक्त एकदा जातो म्हणाला असतात तर मी होडी थांबवली असती! मी होडी दुसऱ्या गल्लीला पाठवून दिली, चौगुले. तुम्ही परत येताय म्हणून मी वहीत ‘परत’ लिहिलं. एक तास मी तुमची वाट बघितली नाही. तुम्ही आलात असं धरून बसले होते मी!”

“व्हय,” ते म्हणतात.

“एवढंच? व्हय?”

“बाई,” ते अगदी हळू बोलतात, मी घरचा अभ्यास न केलेली मुलगी असावी आणि ते शिक्षक असावेत तसे. “मी येतो म्हटल्यावर तुम्ही काय म्हटलासा?”

मला माहीत आहे. अकरा महिने रोज माहीत आहे.

“सांगा की.”

“या,” मी म्हणते. “मी ‘या’ म्हटलं.”

“मग? येतो म्हटल्यावर या म्हटलं की माणूस निघतंय. तुम्ही परवानगी दिलासा, म्हणून गेलो. मी कुठं न सांगता गेलो?”

माझ्या ‘या’चा अर्थ होता, लवकर परत या. त्यांनी, बरं, जाऊन या, असं ऐकलं. त्यांचा शब्द मी चुकीचा ऐकला आणि माझा शब्द त्यांनी, आणि दोन्ही शब्द बरोबर होते.

गल्ली वखार होते. चारी बाजूंनी ओंडके रचलेत आणि भुशाचा गोड कडवट वास आहे. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर एकेक लाल रेघ. ओंडक्यांवर गल्लीतली माणसं बसली आहेत, शोकसभेला बसली होती तशी. त्यांच्यातलं कुणीतरी म्हणतं, “चांगला होता, पण न सांगता गेला.” दुसरं म्हणतं, “नियम मोडला की असं होतं. बाई किती सांगायच्या.” आणि सगळे माझ्याकडे बघतात.

शोकसभेतही बघितलं होतं. मी मान हलवली होती. खोटं बोलले नाही, तोंडातून शब्द काढला नाही, नुसती मान हलवली. एकदा हलवल्यावर ती परत सरळ कशी करायची ते मला समजलं नाही. नव्या तुकडीसाठी टिपण छापून घेतलं, त्यात पहिला नियम मीच लिहिला: कुणीही न सांगता जाऊ नये. वाचणाऱ्या प्रत्येकाला त्यात भूपाल चौगुले दिसतात. पद्मालाही दिसतात.

“तिला सांगा,” चौगुले म्हणतात. ते ओंडक्यांच्या मधे उभे आहेत, जरा लांब. “ती फोटोशी भांडती माझ्या. रोज. सांगून जायला काय झालं व्हतं, म्हणती.”

“मला ती बाई म्हणते,” मी म्हणते. “सांगितल्यावर नाही म्हणणार.”

“न्हाई म्हणली तर न्हाई म्हणली.”

“मग माझ्याकडे काय उरतं, चौगुले?”

ते बाहीवरचा भुसा झटकतात, पिशवी खांद्याला लावतात. मला कळतं की आता काय होणार आहे. मी शब्द तयार ठेवते. ‘थांबा’. आमच्या नव्या टिपणात ‘आत जातो’ आणि ‘बाहेर आलो’ यांच्यानंतरचा तिसरा शब्द, सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला. मी तो दातांमागे धरून ठेवते.

“बराय,” ते म्हणतात. “येतो मी, बाई.”

“या,” माझं तोंड म्हणतं.

ते मान डोलावतात, अगदी समाधानाने, आणि दोन ओंडक्यांच्या मधल्या अंधारात शिरतात. मी ओरडते, थांबा, थांबा, पण साठ वर्षांची सवय आधी बोलून गेलेली असते. वखारीत आता फक्त टोपाचा आवाज आहे. टण्ण. टण्ण. टण्ण.

कुणीतरी दाराची कडी वाजवतंय.

मी डोळे उघडते. उशीचा अभ्रा ओला आहे. गजर कधी वाजून गेला ते कळलंच नाही, घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं आहेत. पायथ्याशी खाकी पिशवी आहे तशीच आहे, पद्माने मारलेली गाठही तशीच.

“बाई,” बाहेरून पद्मावतीचा आवाज येतो. लोटलेलं दार तिने ढकललेलं नाही. “बाई, आत कोण हाय?”

“मीच आहे. ये ना.”

ती येत नाही. मी पदर सावरत दार उघडते. पद्मा उंबऱ्याबाहेर उभी आहे. पायांत कॅनव्हासचे बूट, साडी खोचलेली, गळ्यात नवी शिट्टी. ती माझ्याकडे बघत नाहीये, दाराकडे बघतेय. दाराच्या बाहेरच्या बाजूला, माझ्या नावाच्या पाटीखाली, एक लाल तिरकी रेघ आहे. तेलखडूची. टोकाशी खडूचा बारीक चुरा अजून चिकटलेला आहे.

“ही सकाळी न्हवती,” ती म्हणते.

“नव्हती.”

“एकच हाय.”

मला बरीच कारणं सुचतात. गल्लीतल्या कुणी खोडी केली असेल. आजच्या वर्गाच्या उत्साहात नव्या तुकडीतल्या कुणी सराव केला असेल. मी स्वतः झोपेत उठले असेन, या वयात काय सांगावं. यातलं कुठलंही म्हणता आलं असतं आणि पद्माने ऐकलं असतं. ती माझं सगळं ऐकते.

“पद्मा, त्यांनी सांगितलं होतं,” मी म्हणते.

“कुणी?”

“चौगुल्यांनी. आत शिरायच्या आधी मला फोन केला होता. येतो म्हणाले. मला वाटलं, परत येतायत. मी ‘या’ म्हटलं.”

ती ऐकते. नजर अजून रेघेवरच आहे.

“ते न सांगता गेले नाहीत. मला विचारून गेले. मी कुणालाच बोलले नाही. शोकसभेत बोलले नाही, तुला बोलले नाही. सकाळी तू समोर उभी होतीस, तेव्हाही नाही.”

गल्लीतून एक सायकल जाते. पद्मा बोट पुढे करते आणि त्या रेघेवरून खालून वर नेते, वर पोचल्यावर बोटाकडे बघते. बोट लाल झालंय.

“त्या दिवशी सकाळी घरातनं निघताना मलाबी येतो म्हणाले,” ती म्हणते. “मीबी या म्हटलं. पण मला म्हाईत व्हतं, ते जाताहेत म्हणून.”

मी उंबरा ओलांडते.

“अकरा म्हैने,” ती म्हणते. आता तिचा आवाज फुटतो. “अकरा म्हैने मी त्यांच्या फोटोसमोर उभी राहून भांडतीय. काही दिवस तर दिवाबी लावला न्हाई मी त्यांना. सांगून गेला न्हाईत, सांगून गेला न्हाईत, म्हणून.”

तिचा हात धरावा म्हणून मी पुढे होते. ती हात मागे घेते. जोरात नाही, पण घेते. मग तोंडावरून पदर फिरवते, आणि गालावर लाल रंग लागतो ते तिला कळत नाही. मैदानाच्या बाजूने शिट्टी ऐकू येते, नव्या तुकडीतलं कुणीतरी उगाच वाजवून बघतंय. बारा माणसं तिथे उन्हात उभी असतील. नदी आठ दिवसांत चढायला लागेल.

पद्मा ते ऐकते. बुटाची नाडी सैल झालीय, ती वाकून घट्ट करते, वेळ लावून करते. उभी राहते.

“जाते मी,” ती म्हणते.

मी दचकते. एकतीस वर्षांत माझ्या दारातून निघताना एकाही मुलीने तो शब्द उच्चारला नव्हता. ती तो अगदी स्पष्ट उच्चारते, टिपणात लिहिलाय तसा, आणि दोन पायऱ्या उतरून मागे वळते.

“वही घेऊन तुम्ही या,” ती म्हणते. “समद्यांना सांगायचं हाय तुम्हाला.”

मला ‘बाई’ म्हणाली नाही. मी चपला घालते, वही उचलते, आणि दारावरच्या रेघेला हात न लावता तिच्या मागे निघते.